कुलसचिव पदाचं नेमणूकपत्र आलंय, सही करण्याआधी काय काय बघू?

भूगोलवाली

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांब झालाय त्याबद्दल आधीच सॉरी.

मी एका अनुदानित कॉलेजात असोसिएट प्रोफेसर आहे, वय ४९, २००३ ला कायम मान्यता मिळालेली, म्हणजे जुनी पेन्शनवाली. मागच्या वर्षी गंमत म्हणून म्हणा किंवा कॉलेजातल्या राजकारणाला कंटाळून म्हणा, दुसऱ्या विभागातल्या एका अकृषी विद्यापीठाच्या कुलसचिव (रजिस्ट्रार) पदाला अर्ज टाकला होता. १५ वर्षांचा अनुभव, पदव्युत्तरला ५५ टक्के, उपप्राचार्य म्हणून प्रशासनाचं काम वगैरे सगळं बसत होतं. मुलाखत झाली, मी विसरूनही गेले, आणि आता निवड झाल्याचं पत्र आलंय. घरात पेढे वाटून झाले, मग रात्री पत्र नीट वाचलं आणि झोप उडाली.

सहा पानी पत्र आहे. मुदत पाच वर्षं हे माहीत होतंच. पण आत लिहिलंय की पहिलं एक वर्ष परिवीक्षा (प्रोबेशन), आणि विद्यापीठाच्या हितास्तव कोणतंही कारण न देता एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचं वेतन देऊन सेवा संपुष्टात आणता येईल. मी मात्र दोन वर्षांच्या आत सोडलं तर तीन महिन्यांचं वेतन भरायचं. मूळ वेतन १,४४,२०० धरलंय आणि माझं आत्ताचं बेसिक आहे १,४७,९००, म्हणजे वरच्या खुर्चीत बसायचं आणि पगार कमी? शिवाय एक कलम असं की पद सोडल्यानंतरही कार्यकाळातल्या आर्थिक अनियमिततेसाठी मी वैयक्तिकरीत्या जबाबदार. लिएनबद्दल (म्हणजे मूळ पदावर परत यायच्या हक्काबद्दल) अक्षर नाही. संस्थेच्या सचिवांना भेटले तर ते म्हणाले, "मॅडम, राजीनामा द्या आणि आनंदाने जा, आपण मोठा सत्कार करू." त्यांना माझी जागा मोकळी हवीये हे न कळण्याएवढी मी खुळी नाही.

रुजू व्हायला ३० दिवस दिलेत, त्यातले आठ गेले. मुलगा बारावीत आहे, नवऱ्याची नोकरी इथेच, म्हणजे मी एकटीच जाणार. मिस्टर म्हणतात सही कर, असली संधी परत येत नाही. भाऊ म्हणतो वेडी आहेस का, अजून ११ वर्षं उरलेली पक्की नोकरी सोडून पाच वर्षांच्या कंत्राटावर जातेस. कुणी या पदावर काम केलंय का, किंवा अशा पत्राचं काय करायचं असतं ते सांगाल का?

---

खुर्चीतून_उठलेला

मॅडम, सर्वात आधी अभिनंदन, ते राहून जातं.

मी कुलसचिव होतो, कॉलेजातूनच गेलो होतो, पाच वर्षं पूर्ण करून परत वर्गात आलो आणि तिथूनच रिटायर झालो. त्यामुळे अधिकाराने सांगतो, त्या सहा पानांत सगळ्यात महत्त्वाचं कलम ते आहे जे तुमच्या पत्रात नाहीच. धारणाधिकार. लिएन. बाकी पगार, बंगला, गाडी, एक महिना की तीन महिने, हे सगळं त्याच्यापुढे किरकोळ. परत यायला जागा असेल तर कुलसचिव ताठ मानेने काम करतो आणि नसेल तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक फाइलवर सही करताना त्याच्या डोक्यात असतं की हे लोक उद्या मला काढतील तर मी खाऊ काय. मी दोन्ही प्रकारची माणसं जवळून बघितलीत.

राजीनामा अजिबात देऊ नका. सत्काराला नारळ आणि शाल मिळते, पेन्शन मिळत नाही. संस्थेकडे रीतसर अर्ज करा की माझी निवड मुदतीच्या पदावर झालीये, पूर्ण पाच वर्षांसाठी धारणाधिकार मंजूर करून मला कार्यमुक्त करावं. तुमचा मूळ अर्ज थ्रू प्रॉपर चॅनल, म्हणजे संस्थेमार्फत, गेला होता ना? ना हरकत दिलं होतं ना? दिलं असेल तर आता अडवायला त्यांना तोंड नाही. व्यवस्थापनाचा ठराव घ्या, नुसतं सचिवांचं पत्र नको, सचिव बदलतात. आणि तो ठराव उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात आवक करून शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. माझ्या वेळी संस्थेने आधी दोनच वर्षांचा दिला होता आणि मुदत संपायच्या आधी वाढवून घ्यायला मला चार वेळा रजा टाकून जावं लागलं, शेवटी तर संस्थेचे अध्यक्ष मला म्हणाले "साहेब तुम्ही तिकडेच रमा की". तेव्हा एकदाच पूर्ण मुदतीचा मागा.

संस्थेची अडचण पण समजून घ्या, ते काही राक्षस नाहीत. तुमचा लिएन असेपर्यंत ती जागा कायमची भरता येत नाही, वर्ग सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) चालवावे लागतात, आणि सीएचबीवाला पोरगा पाच वर्षं टिकत नाही. म्हणून ते सत्काराची भाषा करतात.

दुसरं म्हणजे कुलसचिव हे कुलगुरूंच्या थेट नियंत्रणाखाली काम करणारं पद आहे, कायद्यातच तसं म्हटलंय. पण तुमची मुदत कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली नाही. प्र-कुलगुरू आणि अधिष्ठाता हे कुलगुरूंबरोबर येतात नि त्यांच्याबरोबर जातात, कुलसचिव मागे राहतो. ऐकायला छान वाटतं, प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की तुम्हाला निवडणारे कुलगुरू वर्षादोनवर्षांत गेले तर उरलेला काळ तुम्ही अशा माणसाबरोबर काढणार ज्याने तुम्हाला निवडलेलं नाही. आत्ताच्या कुलगुरूंची किती मुदत राहिलीये ते बघा. पत्रातल्या कुठल्याही कलमापेक्षा ती तारीख जास्त बोलते.

---

चहाकटिंग

ताई, निम्म्या विद्यापीठांत कुलसचिव प्रभारी, परीक्षा संचालक प्रभारी, वित्त अधिकारी प्रभारी, आणि ज्या एकीला पूर्णवेळ नेमलं तिला एक महिन्याच्या नोटिशीचं पत्र. मग विचारतात चांगली माणसं अर्ज का करत नाहीत 😄

---

पारावरचा_वकील

लोकांनी व्यावहारिक सांगितलंय, मी कायद्याचं बोलतो. हा सल्ला म्हणून धरू नका, पत्र बघितल्याशिवाय कुठलाही वकील छातीठोक बोलणार नाही आणि बोलला तर त्याच्याकडे जाऊ नका.

पहिली गोष्ट, तुमच्या भावाचा "कंत्राट" हा शब्द बरोबर नाही. कुलसचिव हे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ खालचं वैधानिक पद आहे. मुदत, निवड समिती, कामं हे सगळं कायद्यात आहे, पाच वर्षं किंवा निवृत्तीचं वय यातलं जे आधी येईल ते, आणि त्याच विद्यापीठात पुन्हा निवड समितीतून फक्त आणखी एक टर्म. खाजगी कंपनीत मालक आणि तुम्ही जे लिहाल तो करार, तसं इथे नाही. कायदा वर, परिनियम (कायद्याखाली केलेले विद्यापीठाचे नियम) त्याखाली, आणि नेमणूकपत्र सगळ्यात खाली. पत्रातलं कलम कायद्याशी भांडत असेल तर कलम हरतं.

यावर सुप्रीम कोर्टाचा एक जुना निकाल आहे, एम्सच्या संचालकांचा, १९९२ चा. त्यांना ठरावीक मुदतीसाठी नेमलं होतं आणि मध्येच लोकहिताच्या नावाखाली मुदतपूर्व निवृत्त केलं. कोर्ट म्हणालं की मुदतीच्या पदावरच्या माणसाला ही मुदतपूर्व निवृत्ती लागूच होत नाही, पद मुदतीबरोबर सुरू होतं आणि मुदतीबरोबर संपतं. म्हणजे टेन्यूअर हा तुमच्या गळ्यातला फास नाही, ती तुमची ढाल पण आहे. पत्रात "करार तत्त्वावर" असे शब्द कुठे घुसडलेत का ते बघा, असतील तर लेखी विचारा की हे कायद्याच्या कुठल्या कलमाखाली.

आता ते एक महिन्याचं कलम. कारण न देता नोटीस देऊन घरी पाठवायचा अधिकार, यावर १९८६ ला सुप्रीम कोर्टाने एका सरकारी जलवाहतूक कंपनीच्या केसमध्ये फटकारलंय, तिथे तीन महिन्यांची नोटीस होती, तरी ते कलम लोकहिताविरुद्ध म्हणून रद्द केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, एका बाजूला अख्खी संस्था आणि दुसऱ्या बाजूला नोकरी हवी असलेला एकटा माणूस, तो ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्याशिवाय करणार काय. पण हा निकाल कायम कर्मचाऱ्यांच्या बाबतीतला आहे, तुमच्या विरुद्धचा वकील पहिल्या पाच मिनिटांत हेच सांगेल. म्हणून कोर्टात बघून घेऊ या भरवशावर सही करू नका.

संविधानाचं कलम ३११ तुम्हाला लागू नाही, ते राज्य किंवा केंद्राच्या नागरी पदांसाठी, विद्यापीठाचा अधिकारी त्यात येत नाही. पण विद्यापीठ हे "राज्य" या व्याख्येत येतं, त्यामुळे मनमानी झाली तर हायकोर्टात रिट आहे. शिवाय २०१६ च्या कायद्याखाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे, तिथे बडतर्फी किंवा सेवासमाप्तीविरुद्ध अपील होतं आणि त्याची मुदत ३० दिवस. हे ३० दिवस लक्षात ठेवा, माझ्याकडे लोक चौथ्या महिन्यात येतात आणि म्हणतात "साहेब, आधी समजुतीने बघत होतो".

परिवीक्षेबद्दल, पाच वर्षांच्या पदाला एक वर्षाची परिवीक्षा कुठल्या परिनियमाने लावली ते विचारा. असेल तर ते दाखवतील. नसेल तर कुणीतरी उपकुलसचिवाच्या नेमणुकीचं जुनं पत्र उघडून नाव बदललंय, हा प्रकार मी दोनदा पाहिलाय.

---

भूगोलवाली

बापरे, एवढं सगळं. थँक्यू थँक्यू.

@खुर्चीतून_उठलेला सर, अर्ज थ्रू प्रॉपर चॅनलच गेला होता, ना हरकत पण आहे, लॅमिनेट करून ठेवलंय 🙂 कुलगुरूंची मुदत बघितली, सव्वा वर्ष राहिलंय. हे मी आधी का नाही बघितलं देव जाणे.

@पारावरचा_वकील, पत्रात विषयाच्या ओळीत "वैधानिक पद" आहे आणि तिसऱ्या पानावर "करार कालावधीत" असं दोनदा. म्हणजे तुम्ही म्हणताय तसं जुनंच पत्र असणार, कारण एका ठिकाणी "सदर कर्मचारी त्याचे मुख्यालय सोडणार नाही" असं पुल्लिंगात राहून गेलंय.

पगाराचं कुणी सांगेल का? माझ्या डोक्यात तेच खुपतंय, उगाच नाही, तत्त्वाचा प्रश्न म्हणून.

---

पगारबिल

मी ३० वर्षं पगारबिलं केलीत (आता सुटलो), म्हणून सांगतो, तुमच्या पगाराची काळजी सोडा आणि कागदांची करा.

तुम्ही वेतनाच्या लेव्हल १३ए मध्ये १,४७,९०० वर आहात. कुलसचिव लेव्हल १४, तिची पहिली पायरी १,४४,२००, दुसरी १,४८,५००. ज्याने पत्र काढलं त्याने नवीन उमेदवार म्हणून पहिली पायरी टाकली, बस. तुम्ही सरकारी अनुदानातून पगार घेताय, प्रॉपर चॅनलने येताय, तर वेतन संरक्षण मागायचं, आणि १,४७,९०० च्या खाली न जाता लेव्हल १४ मध्ये बसवायचं म्हणजे किमान १,४८,५००. हे रुजू व्हायच्या आधी पत्रात नोंदवून घ्या. नंतर वेतननिश्चिती करू असं तोंडी सांगतील, ते नंतर कधीच येत नाही, वित्त विभागाने एकदा पडताळणीत १,४४,२०० मान्य केलं की पुढची पाच वर्षं फरक मागत फिराल आणि खालचा बाबू म्हणेल मॅडम तुम्हीच कुलसचिव आहात, तुमच्याच फाइलवर तुम्ही कशी सही करणार.

ते खरं पण आहे हां, स्वतःच्या वेतनाची फाइल स्वतःकडे येऊ देऊ नका, थेट वित्त अधिकाऱ्याकडून कुलगुरूंकडे जाऊ दे.

आता पेन्शन. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधीच्या, म्हणजे १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या. राजीनामा दिला की मागची सेवा जप्त, हा मूळ नियम. रीतसर परवानगीने दुसऱ्या पात्र नेमणुकीसाठी गेलात तरच सेवा जोडली जाते. हा एक शब्द, राजीनामा, कुठल्याही कागदावर येता कामा नये. संस्थेने कार्यमुक्तीच्या आदेशात "राजीनामा मंजूर करून" असं लिहिलं तर तिथेच परत करा, हात जोडा, रडा, काहीही करा पण परत करा. आणि कार्यमुक्ती एका तारखेला मध्यान्हानंतर आणि रुजू दुसऱ्या दिवशी मध्यान्हपूर्व, मध्ये एक दिवस पण खंड नको, प्रवासाला दिवस लागणार असतील तर पदग्रहण अवधी लेखी घ्या.

सेवापुस्तकाची दुसरी प्रत, अंतिम वेतन प्रमाणपत्र, अर्जित रजेचा हिशेब, जीपीएफचा उतारा, हे सगळं हातात घेऊन जा. टपालाने येईल म्हणतात, सेवापुस्तक टपालाने आलेलं मी उभ्या आयुष्यात एकदा बघितलं आणि तेही दुसऱ्याच माणसाचं होतं.

---

नाव_नको

मी नेहमी इथे गझलेच्या धाग्यावर असते पण हे वाचून राहवलं नाही.

मी एका विद्यापीठात अशाच एका वैधानिक पदावर होते, कुठलं पद ते राहू दे. पाच वर्षांसाठी गेले आणि १४ महिन्यांत परत आले. काही घोटाळा नाही, काही नाही. नवीन कुलगुरू आले, त्यांना त्यांचा माणूस हवा होता. काढलं नाही हो कुणी. काढायची गरजच नसते. आधी केबिनमधला शिपाई काढला, मग गाडी "दुरुस्तीला" गेली ती आलीच नाही, मग माझ्याकडच्या फाइली थेट वर जायला लागल्या आणि मला बैठकीत कळायचं की माझ्या विभागाने काय निर्णय घेतलाय. शेवटी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले तुम्हीच सोडताय असं केलं तर दोघांच्याही दृष्टीने बरं. मी सोडलं. वर पत्रातल्या कलमाप्रमाणे मला वेतन पण भरायला लावलं, कारण मीच सोडत होते ना.

माझं नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) पावणेदोन वर्षं अडकलं. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याच्या काळातला लेखाआक्षेप (ऑडिटची हरकत) माझ्या नावावर टाकला होता, का तर अनुपालन मी केलं नाही. त्या फाइलचा मी कधी चेहराही पाहिला नव्हता.

लिएन होता म्हणून वाचले. परतल्यावर पहिल्या दिवशी एफवायच्या वर्गात हजेरी घेतली आणि खरं सांगते, डोळे भरून आले.

म्हणून ताई, दोन गोष्टी. पदभार घेताना यादी करून घ्या, प्रलंबित लेखाआक्षेप, कोर्टकेसेस, अवमान याचिका, बँक खात्यांच्या शिल्लका, मुदतठेवींच्या पावत्या, आणि आधीच्याची सही घ्या, आधीचा प्रभारी असेल आणि टाळत असेल तर "सही देण्यास उपलब्ध नाहीत" अशी नोंद करून कुलगुरूंना पत्र द्या. तुमच्या त्या वैयक्तिक जबाबदारीच्या कलमाला उत्तर म्हणजे ही यादी. आणि दुसरं, मुलाची बारावी.. ते मी बोलत नाही, तुमचं तुम्हाला कळतं.

---

पारावरचा_वकील

@नाव_नको, वाचून वाईट वाटलं. आणि तुम्ही भरलेलं वेतन खरंतर तुम्ही लढवू शकला असता, पण त्या मनःस्थितीत कोण लढतं.

त्यावरून भूगोलवाली मॅडमसाठी बाँडचं सांगतो. आधी सोडलं तर पैसे भरा हे कलम बेकायदा असतंच असं नाही. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट योग्य ठरवली, कारण सार्वजनिक बँकेला परत जाहिरात, परत भरती, सगळा खर्च आणि वेळ जातो. विद्यापीठ हाच मुद्दा घेईल. तेव्हा अट काढा म्हणण्यापेक्षा ती दोन्हीकडून सारखी करा म्हणा. मी सोडलं तर तीन महिने, तुम्ही काढलं तर पण तीन महिने. आणि एक अपवाद घालून घ्या, की विद्यापीठाच्या सांगण्यावरून किंवा परस्परसंमतीने पद सोडलं तर वसुली नाही. त्या चहाच्या कपाला उत्तर म्हणजे ही ओळ.

अजून एक. सेवा संपवणारा आदेश नुसता साधा असेल तर एक, आणि त्यात "काम असमाधानकारक", "सचोटी संशयास्पद" असं काही लिहिलं असेल तर तो डाग लावणारा आदेश, तो चौकशीशिवाय टिकत नाही. परिवीक्षेतल्या माणसाच्या बाबतीतसुद्धा नाही, यावर १९९९ चा कोलकात्याच्या एका केंद्रीय संशोधन संस्थेचा निकाल आहे, ज्यात आदेश वरून साधा दिसत होता पण त्यात उल्लेख केलेल्या पत्रांमध्ये डाग होता आणि कोर्टाने तो पण मोजला. म्हणून तुमच्या नावाने आलेलं प्रत्येक ज्ञापन (मेमो) जपून ठेवा आणि उत्तर द्या, उत्तर न देणं म्हणजे कबुली असं कायदा म्हणत नाही पण फाइल म्हणते.

---

रोखठोक_५६

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून जरा उलटं बोलतो, शिव्या घालू नका.

ही सार्वजनिक पैशावरची पदं आहेत. विद्यार्थ्याचा निकाल सहा महिने लागत नाही, पदवी प्रमाणपत्राला चकरा मारून चपला झिजतात, आणि वरचा अधिकारी मुदत पूर्ण होईपर्यंत हलत नाही, का तर त्याला कायद्याची ढाल आहे. २०१७ ला मुंबई विद्यापीठात ऑनलाइन पेपर तपासणीचा जो गोंधळ झाला त्यात कुलगुरूंना पदावरून काढलं ना? म्हणजे काढता येतं, काढायला हवंच. मग कुलसचिवाला एक महिन्यात काढायची सोय असली तर बिघडलं कुठे? आणि ज्याला परतीची जागा आहे तो तर बेफिकीरच होणार.

---

खुर्चीतून_उठलेला

@रोखठोक_५६, शिव्या कशाला, प्रश्न रास्त आहे.

पण तुम्ही दिलेलं उदाहरणच बघा. कुलगुरूंना काढलं ते कुलपतींनी, कायद्यात मोजून दिलेल्या कारणांवर, त्यांची बाजू मांडायची संधी देऊन. कुणी एक महिन्याच्या पगाराचा चेक देऊन सकाळी घरी पाठवलं नाही. अधिकारी काढूच नये असं इथे कुणीच म्हणत नाहीये, कारण सांगून काढा एवढंच म्हणतायत.

आणि बेफिकिरीचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे. कुलसचिव हा व्यवस्थापन परिषदेचा सचिव असतो, कार्यवृत्त तो लिहितो आणि "हे नियमात बसत नाही" हे सांगायचं काम त्याचं असतं. एकदा एका इमारतीच्या कामात निविदा न काढता जुन्याच ठेकेदाराला वाढीव काम द्यायचा विषय आला. मी टिपणीत लिहिलं की निविदेशिवाय करता येणार नाही. खोलीत शांतता. एक सदस्य म्हणाले, कुलसचिव साहेबांना वर्गाची आठवण येतेय वाटतं. मी म्हणालो हो येते, आणि वर्ग माझा अजून तिथेच आहे. विषय पुढच्या बैठकीत निविदेसह आला. परतीची जागा नसती तर मी ते वाक्य बोललो नसतो हे मी तुम्हाला खरं सांगतो, मी काही मोठा शूर माणूस नाही, मला दोन मुली आणि गृहकर्ज होतं.

तुमच्या पदवी प्रमाणपत्राच्या चकरा ज्यामुळे होतात ना, त्यात वर्षानुवर्षं प्रभारी माणसं हे एक मोठं कारण आहे. प्रभारी माणूस निर्णय घेत नाही, त्याच्याकडे स्वतःचं मूळ टेबल पण असतं आणि हा पदभार कधी काढतील याचा नेम नसतो.

---

रोखठोक_५६

प्रभारींचा मुद्दा मान्य. बाकी मी माझ्या मतावर आहे, पण वाक्य आवडलं.

---

चहाकटिंग

साहेब, ते "वर्ग माझा अजून तिथेच आहे" टी-शर्टवर छापा 😂

---

पगारबिल

एक राहिलं. बंगला मिळेल म्हणून खूश होऊ नका. निवासस्थान घेतलं की घरभाडे भत्ता बंद, आणि तुमचं कुटुंब तर तिकडे येतच नाहीये, म्हणजे तीन बेडरूमचा रिकामा बंगला आणि भत्ता गेला. विश्रामगृहात खोली किंवा छोटं क्वार्टर मिळतं का विचारा. आणि पद सोडल्यावर किती दिवसांत खाली करायचं ते लिहून घ्या, मुदत ओलांडली की दंडनीय दराने भाडं लागतं, आणि ते परत त्याच नो ड्यूजमध्ये अडकतं.

---

भूगोलवाली

मंडळी, अपडेट. उशीर झाला, मध्ये पळापळ चालू होती.

आधी विद्यापीठाला पत्र लिहिलं, वकील साहेबांनी सुचवलं तसं, भांडणाच्या सुरात नाही, "स्पष्टीकरण मिळावे" अशा सुरात. पाच मुद्दे विचारले होते. परिवीक्षा कुठल्या परिनियमाने, "करार" शब्दाचा आधार काय, वेतन संरक्षण, दोन्हीकडून समान नोटीस, आणि पद सोडल्यानंतर कार्यकाळातल्या केसेससाठी वकिलाचा खर्च कोण देणार (हा शेवटचा माझा मीच घातला, नाव_नको ताईंचं वाचून). मला वाटलं होतं नेमणूकच रद्द करतील. आठव्या दिवशी सुधारित पत्र आलं! परिवीक्षा गेली, "करार" गेला, "त्याचे"चं "त्यांचे" झालं. वेतन १,४८,५०० वित्त विभागाच्या पडताळणीच्या अधीन राहून. नोटीस दोन्हीकडून तीन महिने, पण "कोणतेही कारण न देता"च्या जागी आता "कारणे नमूद करून" आहे. परस्परसंमतीचा अपवाद घातला नाही. वकिलाच्या खर्चाबद्दल "प्रकरणपरत्वे निर्णय घेण्यात येईल", म्हणजे काहीच नाही.

संस्थेत मात्र खरी मारामारी झाली. सचिव दोन वर्षांवर अडून बसले. मी सरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांची अडचण मान्य केली आणि म्हणाले की वर्ष संपायच्या चार महिने आधी मी परत येणार की नाही ते लेखी कळवीन, म्हणजे तुम्हाला सीएचबीची जाहिरात वेळेत काढता येईल. त्यावर विषय व्यवस्थापन मंडळात गेला आणि तीन वर्षांचा ठराव झाला, पुढची दोन वर्षं "विनंतीनुसार विचारात घेण्यात येईल". पाच नाही मिळाले. ठरावाची प्रत सहसंचालक कार्यालयात आवक केली, शिक्का घेतला, तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं की शिक्का कशाला हवाय.

तीन वर्षं म्हणजे सध्याच्या कुलगुरूंचं सव्वा वर्ष आणि नवीन येतील त्यांची पावणेदोन. तेवढ्यात कळेलच. मुलगा म्हणाला आई तू जा, तू घरी असलीस की तसाही मी अभ्यास करत नाही.

सोमवारी मध्यान्हपूर्व रुजू होतेय. @पगारबिल काका, कार्यमुक्ती आदेशाच्या पहिल्या मसुद्यात खरंच "राजीनामा" शब्द होता. परत करून घेतला, रडावं नाही लागलं. @नाव_नको ताई, पदभाराच्या यादीचा काही नमुना असेल तर पाठवाल का?

---

नाव_नको

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. नऊ पानी आहे, घाबरू नका. शेवटच्या पानावरचा किल्ल्यांचा तक्ता सगळ्यात आधी भरा, तिजोरीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे हे मला अकराव्या महिन्यात कळलं होतं.